हॅलिफॅक्सच्या नोंदवह्या

६ डिसेंबर १९१७ रोजी सकाळी हॅलिफॅक्स बंदरात झालेल्या स्फोटाची वेळ सेकंदापर्यंत ठाऊक आहे: ९ वाजून ४ मिनिटं ३५ सेकंद. ती कुणाच्या आठवणीवरून ठरवलेली नाही. डलहौसी विद्यापीठातल्या भूकंपमापकाने जमिनीचा हादरा टिपला आणि त्या नोंदीवरून ही वेळ निघाली. त्याआधी झालेल्या दोन जहाजांच्या टकरीबद्दल मात्र अशी खात्री देता येत नाही. कोणत्या जहाजाने शिट्टी आधी वाजवली, कोणी वळण घेतलं, कोणाचा वेग जास्त होता, यावर साक्षीदारांनी शपथेवर परस्परविरोधी विधानं केली. ती सगळी लिहून ठेवलेली आहेत. हॅलिफॅक्सचा इतिहास वाचताना हा अनुभव वारंवार येतो. या शहराने अफाट कागद मागे ठेवले आहेत, आणि कागद कोणी, कशासाठी लिहिला हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही.

आधी जागा समजून घ्यायला हवी. नोव्हा स्कोशियाची राजधानी असलेलं हे बंदर अटलांटिकच्या किनाऱ्यावर आहे आणि हिवाळ्यातही ते गोठत नाही. समुद्राकडून आत आलं की एका बाजूला हॅलिफॅक्स, दुसऱ्या बाजूला डार्टमथ. पुढे पाणी अरुंद होत जातं; या चिंचोळ्या भागाला ‘नॅरोज’ म्हणतात. तो ओलांडला की बेडफर्ड बेसिन हा प्रशस्त जलाशय लागतो. अख्खा जहाजांचा ताफा त्यात नांगर टाकून सुरक्षित उभा राहू शकतो. ब्रिटिशांनी १७४९ मध्ये शहर वसवलं ते याच सोयीसाठी. टेकडीवर किल्ला, खाली आरमाराची गोदी, आणि या दोन्हींवर पोसलेली वस्ती, असा या गावाचा बांधा दीडशे वर्षं टिकला. युद्ध आलं की पैसा खेळायचा, तह झाला की मंदी. १९०६ पर्यंत ब्रिटिश फौज निघून गेली होती. पहिल्या महायुद्धाने बंदर पुन्हा गजबजलं. १९१७ मध्ये युरोपकडे जाणारे जहाजांचे काफिले इथे जमू लागले.

५ डिसेंबरला दोन उशीर झाले. बेल्जियमच्या मदतकार्यासाठी भाड्याने घेतलेलं ‘इमो’ हे नॉर्वेचं रिकामं जहाज त्या दिवशी निघायचं होतं, पण त्याचा कोळसा उशिरा पोचला. पाणबुड्या रोखण्यासाठी बंदराच्या तोंडाशी लावलेली जाळी रात्री बंद होत असे. त्यामुळे इमो आत अडकलं. त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कहून आलेलं ‘मों-ब्लां’ हे फ्रेंच जहाज त्याच कारणाने बाहेर अडकलं. मों-ब्लांमध्ये सुमारे २,३०० टन पिक्रिक आम्ल, २०० टन टीएनटी, १० टन गनकॉटन आणि डेकवर पिंपांमध्ये ३५ टन बेंझॉल होतं. स्फोटकांची खूण म्हणून लाल बावटा लावलेला नव्हता. युद्धाच्या दिवसांत तो लावणं म्हणजे शत्रूच्या पाणबुडीला आमंत्रण देणं.

सकाळी दोन्ही जहाजं नॅरोजमध्ये समोरासमोर आली. समोरून येणाऱ्या एका अमेरिकन जहाजाला वाट देताना आणि मग एका टगबोटीला चुकवताना इमो डार्टमथच्या बाजूला, म्हणजे चुकीच्या बाजूला, सरकत गेलं होतं. मों-ब्लांने एक शिट्टी दिली, इमोने दोन. म्हणजे दोघंही आपापली वाट सोडायला तयार नव्हते. पावणेनऊच्या सुमाराला टक्कर झाली. ती फारशी जोराची नव्हती. पण पिंपं फुटून बेंझॉल सांडलं आणि इमो मागे सरकताना लोखंडावर लोखंड घासून ठिणग्या उडाल्या. मों-ब्लांचे खलाशी होड्यांत उतरून डार्टमथच्या किनाऱ्याकडे वल्हवत सुटले. पेटलेलं, सोडून दिलेलं जहाज वाहत वाहत हॅलिफॅक्सच्या रिचमंड भागातल्या सहा क्रमांकाच्या धक्क्याला लागलं. लोक खिडक्यांशी आले. इतका उंच, रंगीत धूर कुणी पाहिलेला नव्हता. खिडकीच्या काचेमागे उभं राहून पाहणाऱ्यांचे डोळे गेले, हे पुढे रुग्णालयांच्या नोंदींत दिसतं.

‘पॅट्रिशिया’ हा कॅनडातला पहिला मोटारीवर चालणारा आगीचा बंब धक्क्यावर पोचला होता. त्या स्फोटाने अग्निशमन दलातल्या नऊ जणांचा बळी घेतला. मुंबईच्या वाचकाला इथे १४ एप्रिल १९४४ ची दुपार आठवेल. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ फुटलं आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. ते जहाजही कॅनडातच बांधलेलं होतं, मात्र दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्टला. दोन्ही बंदरांत आगीकडे धावून गेलेल्या माणसांच्या स्मृतिदिनी आजही मानवंदना दिली जाते.

रिचमंड भाग उद्ध्वस्त झाला. सुमारे १,६०० घरं जमीनदोस्त झाली, १२,००० घरांची मोडतोड झाली, जखमींचा आकडा ९,००० च्या घरात गेला. मों-ब्लांच्या नांगराचा अर्धा टन वजनाचा तुकडा जवळपास चार किलोमीटर लांब जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी हिमवादळ आलं आणि ढिगाऱ्यांवर बर्फ साचला.

यातली सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट व्हिन्सेंट कोलमनची आहे. तो रिचमंड स्टेशनच्या कचेरीत रेल्वेचा तारवाला होता. जहाजात काय आहे हे कळल्यावर तो पळाला होता, पण सेंट जॉनहून येणारी रात्रीची गाडी आठवून तो मागे फिरला आणि तारेची कळ दाबत बसला: गाडी थांबवा, दारूगोळ्याचं जहाज पेटलं आहे, हा माझा शेवटचा निरोप. हकिकत अशी सांगितली जाते. तपासताना तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. त्याने तार केली आणि तो तिथेच मेला, हे निर्विवाद आहे. निरोपाचे नेमके शब्द वेगवेगळ्या छापील हकिकतींत वेगवेगळे आहेत, म्हणून ते अवतरणात देणं योग्य नाही. आणि गाडी त्याच्याच तारेमुळे वाचली का, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, कारण ती मुळातच उशिरा धावत असण्याची शक्यता आहे. कोलमनचं मोठेपण यातल्या तिसऱ्या गोष्टीवर अवलंबून नाही. त्याच्या तारेमुळे मार्गावरच्या स्टेशनांना संकटाची खबर मिळाली आणि मदतीच्या गाड्या त्याच दिवशी सुटू शकल्या. त्याची तारेची कळ आणि घड्याळ हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयात आहेत.

स्फोटाला आठवडा होतो न होतो तोच, १३ डिसेंबरला, न्यायमूर्ती आर्थर ड्रायस्डेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी सुरू झाली. त्या चौकशीतल्या साक्षी शब्दशः उतरवल्या गेल्या. आपल्या हातात असलेला हा सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि सर्वांत सावधपणे वाचायचाही. इमोचा कप्तान हाकॉन फ्रोम आणि बंदरात जहाजाला वाट दाखवणारा पायलट विल्यम हेज दोघंही स्फोटात मेले होते. मों-ब्लांचा कप्तान एमे ल मेदेक आणि पायलट फ्रान्सिस मॅकी जिवंत होते. म्हणजे उलटतपासणीसाठी पिंजऱ्यात उभे करायला एकाच बाजूचे कप्तान आणि पायलट होते, आणि कप्तानाची साक्ष दुभाष्यामार्फत चालली. बाहेर शहर प्रेतं पुरत होतं. ४ फेब्रुवारी १९१८ ला निकाल आला. सगळा दोष मों-ब्लांच्या कप्तानाचा, पायलट मॅकीचा, आणि जोडीला बंदराच्या वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या कमांडर वायटचा. तिघांवर सदोष मनुष्यवधाचे आरोप ठेवले गेले, पण एकावरही दोषसिद्धी झाली नाही. पुढे दोन्ही जहाजांच्या मालकांचा दिवाणी दावा याच ड्रायस्डेलांपुढे चालला आणि निकालही तोच लागला. दावा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये. १९२० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने शेवटचा शब्द दिला: दोन्ही जहाजं सारखीच दोषी. मला हा शेवटचा निकाल पटतो, आणि तोही साक्षींच्या आधारेच. इमो चुकीच्या बाजूला होतं हे दोन्हीकडच्या साक्षींतून दिसतं. टक्कर टाळायची शेवटची संधी दोघांनीही दवडली हेही दिसतं. पहिल्या निकालाने पुरावा पुरेसा तोलला नाही. मॅकीला पायलटचा परवाना परत मिळायला १९२२ साल उजाडलं.

साक्षींपेक्षा वेगळ्या जातीचा एक दस्तऐवज या शहरात आहे: मृतांच्या नोंदी. चेबक्टो रोडवरच्या शाळेच्या तळघरात तात्पुरतं शवागार उघडलं गेलं. ते चालवणाऱ्या समितीचा प्रमुख होता आर्थर बार्नस्टेड. प्रत्येक देहाला क्रमांक. अंगावरच्या आणि खिशातल्या वस्तू त्याच क्रमांकाच्या कापडी पिशवीत. उंची, केस, दात, व्रण, कपडे यांचा कागदावर पंचनामा. नातेवाईक आले की आधी कागद, मग पिशवी, मग देह. एवढ्या हाहाकारात ही पद्धत लगोलग उभी राहिली, कारण ती आधीच तयार होती. आर्थरचे वडील जॉन हेन्री बार्नस्टेड यांनी ती पाच वर्षांपूर्वी टायटॅनिकच्या मृतांसाठी बसवली होती.

१५ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक बुडाली तेव्हा प्रेतं शोधायला हॅलिफॅक्सहून ‘मॅके-बेनेट’ हे समुद्राखालच्या तारा दुरुस्त करणारं जहाज गेलं. त्याने ३०६ देह वर काढले. ११६ जणांना समुद्रातच मूठमाती दिली, १९० जणांना हॅलिफॅक्सला आणलं. कोणाला परत सोडायचं याचा निर्णय कपड्यांवरून आणि कागदपत्रांवरून लावलेल्या वर्गाच्या अंदाजाने होत गेला. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना शवपेट्या, बाकीच्यांना कॅनव्हास. समुद्रात सोडलेल्यांत खलाशी आणि तिसऱ्या वर्गाचे प्रवासी जास्त होते. नोंद मात्र सगळ्यांची सारखीच काटेकोर झाली. समुद्रात सोडलेल्यांचीही.

त्यातली चार क्रमांकाची नोंद जवळून वाचण्यासारखी आहे. पुरुष. वय अंदाजे दोन वर्षं. केस फिके. करडा कोट, गळपट्टीला आणि बाह्यांच्या टोकांना फर. तपकिरी सर्जचा झगा. पेटीकोट. फ्लॅनेलचं वस्त्र. गुलाबी लोकरी बनियन. तपकिरी बूट आणि मोजे. ओळखीची खूण नाही. बहुधा तिसरा वर्ग. एवढंच. या मुलाला न्यायला कोणी आलं नाही. मॅके-बेनेटच्या खलाशांनी पैसे घालून फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीत त्याच्यासाठी दगड उभा केला. कोणी आठवण म्हणून चोरून विकू नयेत म्हणून मृतांचे कपडे जाळायचा हुकूम होता. पोलीस सार्जंट क्लॅरेन्स नॉर्थोव्हरकडून हे बूट जाळवले नाहीत आणि त्याने ते ठेवून दिले. थडगं उघडून, शिल्लक राहिलेले तीन दात आणि हाडाचा तुकडा तपासून, २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की हा तेरा महिन्यांचा फिनिश मुलगा एइनो पानुला. त्याच वर्षी नॉर्थोव्हरच्या नातवाने बूट संग्रहालयाला दिले. ते तेरा महिन्यांच्या मुलाला फार मोठे होते. पुन्हा तपासणी झाली आणि २००७ मध्ये नाव बदललं: सिडनी गुडविन, इंग्लंडचा, एकोणीस महिन्यांचा. १९१२ च्या नोंदीत ‘अंदाजे दोन वर्षं’ लिहिणारा माणूस प्रयोगशाळेच्या पहिल्या निष्कर्षापेक्षा सत्याच्या जवळ होता. त्याने जे डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं, अर्थ लावायचं काम पुढच्यांवर सोडलं. इतिहास लिहिणाऱ्याने या कारकुनाकडून शिकावं.

१९१७ नंतर हीच सवय शहराने आणखी वाढवली. डलहौसीतले इंग्रजीचे प्राध्यापक आर्चिबाल्ड मॅकमेकन यांच्याकडे स्फोटाचा अधिकृत इतिहास लिहिण्याचं काम आलं. लोकांना बोलावून, आठवण ताजी असतानाच, त्यांनी निवेदनं लिहून घेतली. त्यांचं हस्तलिखित मात्र साठ वर्षं पडून राहिलं. ते छापलं गेलं १९७८ मध्ये. सेंट पॉल चर्चचे धर्मोपदेशक सॅम्युअल हेन्री प्रिन्स यांनी टायटॅनिक आणि हा स्फोट दोन्ही जवळून पाहिले होते. त्यांनी १९२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातून संकट आणि समाजबदल यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपत्तीचा समाजशास्त्रीय अभ्यास तिथून सुरू झाला असं मानतात. स्फोटग्रस्तांसाठी नेमलेल्या मदत आयोगाने रिचमंडच्या उतारावर काँक्रीटच्या विटांची ‘हायड्रोस्टोन’ वसाहत बांधली, ती आजही शहरातल्या हव्याहव्याशा वस्त्यांत मोडते. त्या आयोगाचं काम, जखमींच्या निवृत्तिवेतनांसह, १९७६ पर्यंत चाललं.

इतकं सगळं लिहिणाऱ्या शहराला मृतांचा आकडा मात्र दीर्घकाळ पक्का करता आला नाही. अनेक पुस्तकांत १,९६३ सापडतो. नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागाराने एकेक नाव पडताळून तयार केलेल्या स्मृतिग्रंथात १,७८२ नावं आहेत. फरक होण्याची कारणं समजण्यासारखी आहेत. एकच माणूस दोन याद्यांत आला, न ओळखलेला देह आणि बेपत्ता माणूस वेगळे मोजले गेले. मी दुसरा आकडा धरतो, कारण त्यातल्या प्रत्येक एककामागे नाव आहे. पण नाव लिहिलं जाण्यासाठी आधी कोणी तरी विचारावं लागतं. डार्टमथच्या बाजूला, स्फोटाच्या जवळपास समोर, टर्टल ग्रोव्ह ही इथल्या मूळनिवासी मिकमॉ लोकांची वस्ती होती. ती नष्ट झाली आणि पुन्हा वसली नाही. तिच्याबद्दल समकालीन कागद फारच थोडे बोलतात.

या मौनाचं मूळ शहराच्या पहिल्या वर्षाच्या कागदांत आहे. १७४९ च्या उन्हाळ्यात गव्हर्नर एडवर्ड कॉर्नवॉलिस सुमारे २,५०० वसाहतकारांसह आला. त्या वसाहतकारांची यादी आहे, नावनिशीवार, धंद्यासकट. त्याच शरदात मिकमॉ लोकांनी, ही भूमी आमची आहे असं सांगणारं पत्र त्याला पाठवलं. तेही आहे. आणि ऑक्टोबरमध्ये कॉर्नवॉलिसने मिकमॉ माणूस पकडून आणणाऱ्याला किंवा त्याच्या डोक्याची कातडी आणणाऱ्याला दहा गिनी इनाम जाहीर केलं. तोही हुकूम आहे. हे तिन्ही कागद एकत्र वाचल्याशिवाय हॅलिफॅक्सची स्थापना सांगता येत नाही, आणि शतकभराहून अधिक काळ फक्त पहिलाच वाचला गेला. मिकमॉंनी मात्र आपला कागद विसरू दिला नाही. १७५२ चा मैत्रीचा तह पुढे करून १९८५ मध्ये त्यांच्यातल्या एकाने कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात शिकारीचा हक्क मान्य करून घेतला. कॉर्नवॉलिसचा पुतळा शहराने २०१८ च्या जानेवारीत चौथऱ्यावरून उतरवला.

बेडफर्ड बेसिनच्या काठी आफ्रिकव्हिल होतं. कृष्णवर्णीय कुटुंबांनी १८४८ पासून इथे जमिनी विकत घेतल्या; त्यांची खरेदीखतं आहेत. पुढे शहराने त्यांच्या शेजारी तुरुंग, संसर्गजन्य रोगांचं रुग्णालय, मैल्याचे खड्डे आणि शेवटी कचरा डेपो आणला. रहिवासी कर भरत राहिले. नळ आणि गटारं मात्र कधीच आली नाहीत. १९१७ च्या स्फोटात तिथेही माणसं मेली, घरं मोडली. पण हायड्रोस्टोन बांधणाऱ्या पुनर्बांधणीतून त्यांच्या वाट्याला काही आलं नाही. १९६४ ते १९७० या काळात शहराने वस्ती हटवली. लोकांचं सामान कचऱ्याच्या ट्रकांतून हलवण्यात आलं आणि १९६७ च्या नोव्हेंबरमधल्या एका रात्री चर्च पाडलं गेलं. ज्यांच्याकडे खरेदीखत होतं त्यांच्याशी किमतीची बोलणी झाली. पिढ्यान् पिढ्या राहूनही ज्यांच्या हातात कागद नव्हता, त्यांना ५०० डॉलर देऊन मोकळं केलं. मृतांच्या खिशातल्या चिल्लर वस्तूंची यादी करणाऱ्या, त्या पिशव्या सांभाळणाऱ्या शहराने जिवंत माणसांच्या बाबतीत कागद नाही हे कारण पुरेसं मानलं. हॅलिफॅक्सच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी लाज आहे, असं मी म्हणेन, कारण नोंद कशी ठेवायची हे या शहराला पुरेपूर ठाऊक होतं.

२४ फेब्रुवारी २०१० रोजी हॅलिफॅक्सच्या महापौरांनी आफ्रिकव्हिलच्या रहिवाशांची आणि त्यांच्या वंशजांची जाहीर माफी मागितली. करारात जुन्या जागेतली सुमारे अडीच एकर जमीन आणि चर्चची प्रतिकृती उभारण्यासाठी ३० लाख डॉलर होते. कुटुंबांना वैयक्तिक भरपाई देण्याची तरतूद त्यात नव्हती.